एका वर्षाची मुदत

१९९५ साली आपण दहावी झालो, तेव्हा बारामती-इंदापुरात नोकरी म्हणजे साखर कारखाना, वालचंदनगरची कंपनी, एमआयडीसी, नाहीतर मास्तरकी. पण १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली होती. उसाच्या बिलावर फी भरून आपल्यातले बरेच जण घरातले पहिले इंजिनिअर झाले.

१९९७ साली आम्ही प्रवेश घेतला, तेव्हा 'वायटूके'ची कामे जोरात होती. मार्च २००० मध्ये अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक ५,०४८ वर पोचला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत १,११४ वर आला. त्याच्याशी आपला काय संबंध? पण पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कामे तिकडूनच येत. २००१ साली आमच्यापैकी काहींच्या हाती निवडपत्र होते, रुजू होण्याची तारीख नव्हती.

मी दोन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. सुट्टी लागली की मानधन बंद. मुलगे पुण्यात कॉट बेसिसवर राहून मुलाखती देत होते. मुलींना घरी स्थळे येत होती. मंदी दोघांनाही होती, मुदत मात्र सारखी नव्हती. "अजून एक वर्ष थांबू," असे माझे वडील म्हणाले आणि २००३ च्या अखेरीस मला पूर्णवेळ नोकरी लागली. आपल्या वर्गातल्या काही हुशार मैत्रिणींना ते एक वर्ष मिळाले नाही. बॅचच्या यशाची यादी छापताना त्यांचीही नोंद असावी, म्हणून हे लिहिले.