बंदूक कुणाच्या हाती? १९४८ चं हैदराबाद आणि लहान शस्त्रांवरचे करार

मंडळी, आजचा विषय लहान शस्त्रांचा. पिस्तूल, रायफल, हलकी मशीनगन अशी एका माणसाला किंवा दोघा-तिघांना उचलून नेता येणारी शस्त्रं. यांच्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालायचा एक जुना प्रयत्न म्हणजे १८९० चा ब्रुसेल्स करार. गुलामांचा व्यापार थांबवायचा म्हणून आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात बंदुका पाठवण्यावर बंदी आली. पण आफ्रिकी माणसाच्या हाती नवी रायफल पडू नये, हाही हेतू त्यात होताच. ब्रिटिश हिंदुस्थानात तर १८७८ चा शस्त्र कायदा आधीच आला होता. म्हणजे बघा, शस्त्रं नकोत असं कुणी म्हणत नव्हतं. तुमच्याकडे नकोत, असं म्हणत होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९४७ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार झाला, पण तणाव वाढत गेला आणि निजामाला शस्त्रं मिळणं अवघड झालं. तेव्हा सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. त्याची लँकॅस्ट्रियन विमानं कराचीहून रात्रीची उडायची आणि बिदर, वरंगळकडे शस्त्रं उतरवायची. पुढे इंग्लंडात त्याच्यावर खटला झाला. शिक्षा किती? २०० पौंड दंड!

पण इतिहास अर्धाच सांगून चालत नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले होते. रझाकारांच्या अत्याचारांना तोंड द्यायचं तर त्या तरुणांनाही बंदुका हव्या होत्या, आणि त्या काही निजामाच्या परवान्यानं येणार नव्हत्या. निजामाच्या दृष्टीनं ती तस्करी, आपल्या दृष्टीनं मुक्तिसंग्राम.

नेमक्या याच गाठीपाशी २००१ ची न्यूयॉर्कची परिषद अडली. संयुक्त राष्ट्रांनी लहान शस्त्रांच्या बेकायदा व्यापारावर बोलावलेली ही परिषद. सरकार सोडून इतर कुठल्याही गटाला शस्त्रं देऊ नयेत, असं आफ्रिकी देश म्हणत होते. त्यांनी यादवी युद्धं भोगली होती. अमेरिकेनं नकार दिला. जुलमी सरकारविरुद्ध लढणाऱ्यांना मदत करायची वाट बंद होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कृती कार्यक्रम झाला, पण ते कलम गळालं. २०१३ साली शस्त्रव्यापार करारावर मतदान झालं: १५४ बाजूनं, ३ विरुद्ध. भारत तटस्थ राहिला. दहशतवादी आणि बिगर-सरकारी गटांबाबत मसुदा कच्चा आहे, आणि निर्यात करणाऱ्या देशांकडे झुकलेला आहे, हे आपले आक्षेप होते.

मग या गाठीतून वाट काय? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एक फरक करतो. लढ्याचं कारण न्याय्य असू शकतं. पण म्हणून बंदूक देणाऱ्याची जबाबदारी संपते का? १७ सप्टेंबर १९४८ ला लढाई संपली, पण हिंसा थांबली नाही. पोलीस कारवाईत आणि तिच्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा अंदाज सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. आपण मुक्तिदिन साजरा करतो, तो केलाच पाहिजे. पण हा आकडाही मराठवाड्याच्या इतिहासाचाच भाग आहे. माणसं नुसत्या बंदुकीनं मेली नाहीत हे खरं. पण ज्या मुलखात दोन्ही बाजूंनी शस्त्रं येतात, तिथं तह झाला म्हणून ती परत जात नाहीत.

म्हणून मला २००५ ची साधी व्यवस्था महत्त्वाची वाटते. प्रत्येक बंदुकीवर कारखान्यातच खूण हवी, नोंद हवी, आणि ती कुठून कुठं गेली याचा माग लागला पाहिजे. ती कायद्यानं बंधनकारक नाही, हा तिचा मोठा दोष. पण कुणाचा लढा न्याय्य, हे जगानं एकमतानं ठरवेपर्यंत तिला थांबावं लागत नाही. ती एवढंच विचारते, की ही दिली कुणी? कॉटनला हा प्रश्न जगानं वेळेवर विचारला नाही. आपल्या बाजूला देणाऱ्यांना तर कुणीच विचारला नाही. दोघांनाही विचारायची तयारी हवी.

बरं, आता प्रश्न घेऊ या.