२९ ऑक्टोबर : बेबी पेगीचा जन्म

मूकपटांची लाडकी बालतारका पेगी-जीन माँटगोमेरी हिचा जन्म १९१८ साली सॅन दिएगोत झाला. दीड-दोन वर्षांची असतानाच ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. ‘द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क’च्या चित्रीकरणात रॉकेलने भिजवलेला सेट वेळेआधीच पेटला, इवलीशी पोर आगीतून थोडक्यात बचावली. वडिलांचे निर्मात्याशी बिनसले आणि सातव्या वर्षापूर्वीच तिची कारकीर्द संपली. लाखो डॉलरची कमाई मोठ्यांनीच उधळली, लेकराच्या हाती दमडीही उरली नाही. हा उघड अन्यायच. पुढे डायना सेरा कॅरी या नावाने ती हॉलिवूडचा इतिहास लिहू लागली. बालकलाकारांच्या हक्कांसाठी तिने सतत आवाज उठवला. २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी तिचे निधन झाले.