आजऱ्याच्या बाजारात, एप्रिल १९५७

रवळनाथाला हात जोडून तुम्ही पेठेत शिरता. बाजार आधी नाकाला कळतो. एकीकडून सुक्या मासळीचा उग्र वास येतो, दुसरीकडून मिरचीचा ठसका. मासळी, मीठ, नारळ आंबोलीचा घाट चढून आलेत, मिरची संकेश्वराकडची. कोकण आणि देश यांची गाठ इथं पडते.

पावसाळा तोंडावर आलाय. हिरण्यकेशी दुथडी भरली की वाड्यावस्त्यांवरून बाजार गाठणं मुश्कील, म्हणून जो तो बेगमीला लागलाय. घोंगडं पांघरलेला एक म्हातारा इरल्याचा काठ दाबदाबून बघतोय.

धान्याच्या ओळीत बारका, आखूड तांदूळ दिसतो. घनसाळ! २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळणार, हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक. मापारी शीग लावून पहिलं माप ओततो आणि 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो. पुढं 'दोन', 'तीन'.

"कुठलं गाव, पाव्हणं?"

"कोल्हापूर."

"मग वास तर घ्या. वासाला पैसं पडत न्हाईत."

चहाच्या दुकानात निवडणूक अजून निवलेली नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलंय. मुंबईसह महाराष्ट्र मात्र तीन वर्षं लांब आहे. याच गावात जन्मलेला शिवाजी सावंत सोळा वर्षांचा आहे. त्याची 'मृत्युंजय' कादंबरी यायला दहा वर्षं आहेत.

खरा घोळ किराणा दुकानात चाललाय. १ एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आलेत. आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, चार आण्यांना पंचवीस, असा तक्ता भिंतीवर चिकटवलाय. एक आजी आण्याच्या चार हळदपुड्या मागते.

"पंचवीस पैसं, आजी."

"सहा चोक चोवीस न्हवं? पंचवीस कशानं रं?"

दुकानदार तक्त्याकडं बोट दाखवतो. "सरकारी हिशेब हाय."

आजी चंची सोडते, सहा पैसे मोजून ठेवते. "एक पुडी दे." पुडी हातात पडते. पुन्हा सहा पैसे. "आता आणि एक."

चौथ्या पुडीला दुकानदार हात जोडून हसतो. तुमच्या शेजारच्या बाईनं तोवर सुटे सहा पैसे मुठीत धरलेत.