एका पेटीपासून दोन पेट्यांपर्यंत

श्रोतेहो, आवाज मोठा केला की सगळ्यांना ऐकू येते, असा आपला समज असतो. पण आवाज कानावर पडणे निराळे आणि शब्द उमजणे निराळे. हे समजून घ्यायला थोडे मागे जाऊ.

साल १९५६. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. फेब्रुवारी ते एप्रिल असे १० आठवडे, आठवड्यातून दोनदा, पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे निघाली. पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती बसत, ऐकत आणि मग त्यावर आपसांत बोलत. कल्पना मूळची कॅनडातली. तिकडे अशी मंडळे १९४१ पासून चालू होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे होती त्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढलेली दिसली. नुसता रेडिओ होता तेथे फारच थोडी. म्हणजे पेटी आणून ठेवली, एवढ्याने भागत नाही. बसण्याची, ऐकण्याची, बोलण्याची घडी बसावी लागते.

त्या काळी पेटी एकच असे. दोन पेट्यांची विद्या मात्र तोवर जन्मली होती. इंग्लंडातील ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने १९३१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ साली. दोन्ही कानांना आवाज किंचित निराळा पोचतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते. तीच किमया दोन स्पीकर करतात.

आता आपली दहा-बारा फुटांची खोली घ्या. तिला लहान स्पीकर पुरतात. विकत घेताना नुसता दणका पाहू नका, ओळखीच्या माणसाचा आवाज लावून पाहा. तो त्याचाच वाटला पाहिजे. पेट्या कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर त्या ठेवा. दोन पेट्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढ्याच अंतरावर आपण मधोमध बसावे. भिंती उघड्या असतील तर आवाज घुमतो. एखादी गोधडी टांगली, खाली सतरंजी घातली, की फरक कळतो.

पण गुरुजींनो, येथे एक मेख आहे. ही मधली जागा एक-दोघांचीच. वर्गात वीस मुले बसली, तर डावीकडच्याला डावी पेटीच जास्त ऐकू येणार. म्हणून गाणे ऐकायला दोन पेट्या ठेवा. भाषण किंवा पाठ सर्वांना ऐकवायचा असेल, तर समोर मध्यभागी एकच ठेवा. १९५६ च्या मंडळांची रीत येथे आजही कामाची आहे.

आणि जागा बरोबर साधली का, हे पेटीशेजारी बसलेल्याला विचारू नका. दाराशी, अगदी मागे बसलेल्या बाईंना विचारा, "आत्ता शेवटी काय सांगितले?" त्यांनी सांगितले, तर पेटी योग्य जागी आहे. नसेल, तर उठा आणि पेटी हलवा.