डॉ. आनंदीबाई जोशी : स्मरण, शास्त्र आणि स्वधर्म

चरित्रनायकाच्या नावामागे समाज जी उपपदे लावतो, त्यांवरून त्या समाजाने त्या व्यक्तीचे काय लक्षात ठेवावयाचे ठरविले आहे, हे पुष्कळदा कळून येते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी चरित्रपरंपरेत दीर्घकाळ 'कै. सौ. डॉ.' अशा तीन उपपदांसह छापले गेले. पहिले मृत्यूचे, दुसरे सौभाग्याचे आणि तिसरे विद्येचे द्योतक आहे. आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या होत्या. त्या वस्तुस्थितीला या तीन अक्षरचिन्हांत स्थान नाही. प्रस्तुत लेखात या अनुक्त चौथ्या उपपदाचा, आणि त्याच्या अनुषंगाने आनंदीबाईंच्या शास्त्राभ्यासाचा व धर्मनिष्ठेचा, परस्परसंबंध तपासण्याचा विचार आहे.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते व वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवावयाचे हा त्यांचा निर्धार होता, आणि तो पुष्कळदा कठोरपणाच्या थराला जाई. कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली. अलिबाग हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचे, मुख्य ठाणे. पेण आणि रोहा हे त्याच जिल्ह्याचे तालुके. धरमतरची खाडी व कुंडलिकेचे पात्र हे या मुलखाचे मोठे जलमार्ग. आगगाडी रोह्यास पोहोचली ती १९८६ साली. आनंदीबाईंच्या शिक्षणाचे आरंभीचे धडे या किनारी परिसरात गिरविले गेले, ही गोष्ट येथील इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८७८ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. 'दहा दिवस' या कालमर्यादेचा अर्थ तत्कालीन आचारधर्माच्या चौकटीत समजून घेतला पाहिजे. जननाशौच, म्हणजे बोलीतील सोयर, ब्राह्मण कुटुंबात दहा दिवस पाळावयाचे असते. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा होते. बाराव्या दिवशी बारसे करून मुलाला नाव दिले जाते. याचा अर्थ असा की, आनंदीबाईंचे मूल सोयर फिटते न फिटते तोच, आणि रूढीने नाव ठेवण्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच, गेले. ज्याला नाव मिळाले नाही त्याची आठवण सांगावयास भाषा अपुरी पडते. पती निवर्तला तर 'विधवा' आणि पत्नी निवर्तली तर 'विधुर' हे शब्द आपल्याजवळ तयार आहेत. मूल गमावलेल्या आईसाठी संस्कृतात 'मृतवत्सा' हा शब्द असला तरी रोजच्या मराठीत तो उतरलेला नाही. आनंदीबाईंच्या चरित्रात मातृत्वाचा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो, त्याचे एक कारण या शब्दाभावातही असावे.

पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. हा पत्रव्यवहार एका अमेरिकन मिशनरी नियतकालिकात छापला गेला. तो न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात १८८० साली आला आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना आधार देऊ केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर सभेपुढे इंग्रजीत भाषण केले. त्यात आपण अमेरिकेस का जातो याची कारणे सांगून, हिंदू म्हणून जाईन आणि परत येऊन हिंदू म्हणूनच येथे राहीन, असा निश्चय त्यांनी प्रकट केला. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून १८८३ रोजी न्यू यॉर्कला उतरल्या.

या निश्चयाचे आजवर दोन प्रकारे वाचन झाले आहे. सनातन्यांना त्यात आपल्या धर्माचा विजय दिसला. सुधारकांपैकी काहींना तो रूढीचा शेष, किंवा विरोधकांस शांत करण्याची युक्ती वाटली. दोन्ही वाचनांत धर्म हा शास्त्राभ्यासाच्या बाहेरचा विषय ठरतो. आनंदीबाईंचा युक्तिवाद मात्र वेगळा आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांच्याकडे प्रवेशासाठी त्यांनी जे पत्र पाठविले, त्याचा आशय असा : आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्याची नितांत गरज आहे, परंतु पुरुष वैद्याकडून ते स्वीकारण्यापेक्षा त्या मरण पत्करतील, म्हणून आपण येथे आलो आहोत. आता असे पाहा की, ज्या स्त्रियांसाठी ही विद्या मिळवावयाची, त्यांच्या उंबरठ्याच्या आत जाण्याचा अधिकार परधर्मात गेलेल्या स्त्रीला सहज लाभणार नव्हता. बाळंतिणीच्या खोलीचे दार ज्ञानाने उघडत नाही. ते विश्वासाने उघडते. स्वधर्म राखणे ही आनंदीबाईंच्या दृष्टीने व्यक्तिगत श्रद्धेची गोष्ट होतीच, पण त्याबरोबरच ती त्यांच्या वैद्यकीय कार्याची पूर्वअटही होती. अमेरिकेत त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही, याचाही विचार या दृष्टीने झाला पाहिजे.

त्यांच्या प्रबंधाचा विषयही याच विचाराला पुष्टी देतो. ११ मार्च १८८६ रोजी, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदाचे जुने ग्रंथ व अमेरिकन पाठ्यग्रंथ या दोहोंचा आधार घेतला. येथे 'शास्त्र' या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे लागते. 'शास्' म्हणजे शिकविणे, अनुशासन करणे, या धातूपासून हा शब्द सिद्ध होतो. मराठीत धर्मशास्त्रही शास्त्र आणि रसायनशास्त्रही शास्त्रच. युरोपीय भाषांनी ज्यांना दोन निरनिराळी नावे देऊन वेगळे केले, त्यांना आपली भाषा एकाच पदात वागविते. हा वैचारिक गोंधळ आहे असे मानण्याची प्रथा आहे, आणि पुष्कळदा तो तसा असतोही. पण आनंदीबाईंच्या प्रबंधात या एका पदाच्या दोन्ही अर्थांची समोरासमोर गाठ घालून दिलेली दिसते. प्रसूती, सूतिका आणि आपल्या खेड्यापाड्यांतील सुईण हे सर्व शब्द एकाच धातुकुलातील आहेत. ग्रंथ, रूढी आणि प्रयोगशाळा यांचे तीन वेगळे विषय एका परीक्षार्थिनीने त्याच क्षेत्रात एकत्र आणावेत, हे अर्थपूर्ण आहे.

श्रीरामपूरच्या भाषणात व प्रवेशपत्रात भर आहे तो देशातील स्त्रियांच्या गरजेवर. आपले दुःख हाच आपल्या विद्येचा उगम, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह चरित्रकारास होतो. तो आवरला पाहिजे. तथापि, बाळंतपणात काय घडू शकते हे स्वतः जाणणाऱ्या स्त्रीने शरीरशास्त्राच्या अनेक शाखांतून हाच एक विषय प्रबंधासाठी निवडला, ही वस्तुस्थिती नोंदविणे म्हणजे मोहाला बळी पडणे नव्हे. कारण सिद्ध करता येत नसले तरी संगती दाखविता येते, आणि संगती दाखविणे हेही इतिहासकाराचे काम आहे.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस परतल्या, पण क्षयाने पोखरलेले शरीर ते काम हाती घेऊ शकले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर स्मरणाची परंपरा सुरू झाली, आणि तिचा आरंभ इंग्रजीत झाला. १८८७ मध्येच रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत बॉडलींनी त्यांचे स्मरण केले. १८८८ मध्ये कॅरोलाइन हीली डॉल यांचे चरित्र बॉस्टनहून निघाले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले, १९६८ साली श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने ती कथा घरोघर पोहोचविली, आणि अंजली कीर्तने यांनी साधनांचा नव्याने शोध घेऊन सविस्तर चरित्र सिद्ध केले. या प्रवासात 'पहिली' या विशेषणाला फार महत्त्व आले. त्याच १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय पात्रता मिळविली होती, हे पाहता या विशेषणावरचा वाद आपल्याला फार दूर नेत नाही.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या. न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांचा दगड आहे. त्यावर एम. डी. ही पदवी आहे, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख आहे. म्हणजे विद्या आली, जात आली, प्रथमत्व आले. पुण्यामुंबईच्या छापील पानांवर मृत्यू व सौभाग्य यांची जी भर पडली, ती धरूनही त्यांच्या अभ्यासविषयाचे आणि मातृत्वाचे स्थान रिकामेच राहते. पेण-रोह्याच्या एखाद्या शाळेत किंवा आरोग्यकेंद्रात त्यांचे चित्र लावावयाचे झाले तर त्याखाली 'पहिली' या शब्दाऐवजी त्यांच्या प्रबंधाचा विषय लिहावा, असे सुचवावेसे वाटते. ज्या खोलीत सोयर पाळले जाई आणि ज्या खोलीत मुले व त्यांच्या आया मरत, त्या खोलीचा त्यांनी शास्त्र म्हणून अभ्यास केला. हे वाक्य सौभाग्यापेक्षा आणि प्रथमत्वापेक्षा त्यांच्याविषयी अधिक सांगते.