निर्दोष सुटलेल्याचा दावा

शेजाऱ्याने आकसाने खोटी फिर्याद केली आणि आपण निर्दोष सुटलो, तर त्याच्यावर भरपाईचा दावा लावता येतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला ठाऊक असते. पण खटला खुद्द सरकारने भरला असेल, शिक्षा भोगून झाल्यावर ती वरच्या न्यायालयात रद्द झाली असेल, तर जाब कोणाला विचारावयाचा?

दिवाणी दाव्याची वाट आहे. पण नुसती सुटका तेथे पुरत नाही. खटल्याला वाजवी कारण नव्हते आणि तो दुष्ट हेतूने भरला, हे दोन्ही वादीनेच शाबीत करावयाचे. ज्याचे घरदार खटल्यात गेले, त्याने पोलिसाच्या मनात काय होते ते दाखवावयाचे! सरकारला दोन महिन्यांची नोटीस वेगळीच, आणि मुदत एक वर्षाची.

त्याहून जुनी अडचण सार्वभौम सत्तेची. 1861 साली कलकत्त्याच्या न्यायालयापुढे एका आगबोट कंपनीच्या घोड्याचे प्रकरण आले. खिदरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या हलगर्जीने त्याला इजा झाली होती. गोदी हा व्यापारासारखा उद्योग, म्हणून सरकार जबाबदार ठरले. पण राज्यसत्तेच्या खास कामांबद्दल दावा चालणार नाही, अशी रेघही तेथेच ओढली गेली. अटक करणे हे काम त्या रेघेच्या पलीकडले.

ती रेघ किती खोल गेली, हे 1964 साली दिसले. अमृतसरच्या एका पेढीच्या भागीदाराला मीरतच्या पोलिसांनी 1947 साली पकडले होते. त्याचे शंभर तोळ्यांवर सोने ठाण्यातून हवालदाराने लांबविले व तो पाकिस्तानात गेला. पोलिसांची हयगय सिद्ध झाली, तरी सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. सरन्यायाधीश होते आमच्या साताऱ्याचे गजेंद्रगडकर. कायदा बदलावा, असे त्यांनीच विधिमंडळांना सुचविले. घोड्याला मिळाले ते माणसाला मिळाले नाही, असे आम्हांला हे वाचताना वाटते.

दुसरी वाट 1983 साली उघडली. बिहारचा रुदुल शाह 1968 च्या जूनमध्ये निर्दोष ठरूनही 1982 च्या ऑक्टोबरपर्यंत तुरुंगातच होता. पुण्यात जन्मलेल्या यशवंतराव चंद्रचूडांनी, तेव्हा सरन्यायाधीश असताना, घटनेच्या आधारे त्याला आणखी तीस हजार रुपये देवविले आणि दिवाणी दाव्याचा हक्कही राखून ठेवला. 1993 साली त्याच न्यायालयाने सांगितले की, मूलभूत हक्कांचा भंग झाला असता सार्वभौमत्वाची सबब चालत नाही.

मात्र ही वाट न्यायालयाच्या मर्जीवर आहे. अक्षरधाम खटल्यातील सहा आरोपींच्या शिक्षा, त्यांत तिघांची फाशी, 2014 साली रद्द झाल्या. पण 2016 मध्ये त्यांच्या भरपाईची मागणी नाकारली गेली. उलट शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना, ज्यांना कधी शिक्षा झालीच नव्हती, 2018 साली पन्नास लाख मिळाले.

त्याच वर्षी विधी आयोगाने अशा लोकांसाठी भरपाईचा कायदेशीर हक्क सुचविला, मसुदाही जोडला. 2023 ची नवी फौजदारी संहिता आली, तीत निराधार अटकेबद्दल भरपाईचे जुने कलम तसेच राहिले. मर्यादा एक हजार रुपये. आणि तेही सरकारने नव्हे, ज्याने अटक करविली त्याने द्यावयाचे.