ऐकणं, उलगडणं, बांधणं : महाविद्यालयीन संगीतशिक्षणाचा एक प्रवास

जालन्यात संगीतावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो : या गावाचा आणि संगीताचा काय संबंध? गाव बाजारपेठेचं. एक म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, सोन्याचा पाळणा वगैरे. आता पोलाद आणि बियाणं. त्यात संगीत कुठे बसवायचं? पण आजचा विषय संगीताच्या शिक्षणाचा आहे, आणि त्या दृष्टीनं आपण जिथे बसलो आहोत ती जागा फारच सोयीची आहे. इथून देवगिरीचा किल्ला गाडीनं दोन तासांच्या आत येतो. तिथूनच सुरुवात करू.

तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. देवगिरीवर यादव राजा सिंघण. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत. शार्ङ्गदेव स्वतः राज्याचा हिशेब सांभाळणारा, आजच्या भाषेत अकाउंट्स खात्याचा माणूस. या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय : स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन. उत्तरेतले आणि दक्षिणेतले, दोन्हीकडचे संगीतज्ञ आजही हा ग्रंथ आपला मानतात.

आपल्याला त्यातला तिसरा अध्याय हवा आहे, प्रकीर्णक. प्रकीर्णक म्हणजे किरकोळ, सुटं सुटं. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं खरा माल इथेच आहे. इथे शार्ङ्गदेव विचारतो, गाणं बांधणारा कसा असावा? त्याला तो वाग्गेयकार म्हणतो. वाक् म्हणजे शब्द, गेय म्हणजे गाण्याची बाजू. मग गुणांची लांबलचक यादी येते. त्याला व्याकरण यावं, शब्दकोश यावा, छंद आणि अलंकार यावेत, लय-ताल यावा, वेगवेगळ्या प्रदेशांच्या चालीरीती आणि भाषा ठाऊक असाव्यात. समोरच्याच्या मनातलं ओळखता यावं. त्यानं रागद्वेष सोडलेला असावा. (ही अट आज लावली तर किती संगीतकार उरतील, तो हिशेब आपण न केलेला बरा.) आणि त्यानं दुसऱ्याचं उष्टं बोलू नये, नवी चाल स्वतः निर्माण करावी.

पुढे तो प्रती लावतो. शब्दांना मातू आणि चालीला धातू अशी नावं आहेत. चालीत तरबेज पण शब्दांत कच्चा, तो मध्यम. शब्द गोड पण चाल कमकुवत, तो अधम. आणि दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवणारा? त्याला वेगळंच नाव आहे, कुट्टिकार. सिनेमाच्या चालीवर भजन म्हणणारी मंडळी प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासाठी आठशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावात शब्द तयार झालेला होता!

याच अध्यायात गाणाऱ्यांचेही पाच प्रकार आहेत. त्यातले दोन लक्षात ठेवा. शिक्षाकार, म्हणजे न्यून न ठेवता शिकवणारा. आणि अनुकार, म्हणजे दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा. शार्ङ्गदेव गाणाऱ्याला, शिकवणाऱ्याला आणि बांधणाऱ्याला वेगवेगळं ओळखतो, आणि बांधणाऱ्याकडून जगभरच्या ज्ञानाची अपेक्षा करतो. आपल्या आजच्या बहुतेक अभ्यासक्रमांना यातला अनुकार तेवढा तयार करता येतो. हे कसं झालं, तो आजचा प्रश्न.

मधली शतकं भराभर ओलांडू. यादवांचं राज्य गेलं. संगीत दरबारांत, मंदिरांत, दर्ग्यांत आणि घराण्यांत राहिलं. आपल्या भागात ऐकण्याची सगळ्यात मोठी शाळा होती कीर्तन आणि भजन. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, सन १६०८. 'दासबोधा'त नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं. हा क्रम भक्तिशास्त्रातला आहे, संगीताच्या अभ्यासक्रमातला नाही. पण शिकवणारा कोणीही सांगेल की क्रम बरोबर आहे.

आता आधुनिक शाळा. १८८६ मध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचा माणूस, मिरजेला शिकलेला, आणि शाळा काढली थेट पंजाबात. ठरलेला वर्ग, ठरलेली वेळ, फी, परीक्षा. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा आपल्या तालुक्यांतली मुलं देतात, त्या याच परंपरेतल्या. या परीक्षांनी एक मोठं काम केलं : संगीत सभ्य घरांत, विशेषतः मुलींपर्यंत, नेलं. ते मान्य करूनच पुढे जायचं.

दुसरा माणूस विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६०, वाळकेश्वर, पेशानं वकील. यांच्याकडे जरा थांबू, कारण आजच्या अभ्यासक्रमातल्या दोषांचं खापर यांच्याच माथी फोडलं जातं. दहा थाट यांचे, वादी-संवादीची कोष्टकं यांची, म्हणून पाठांतरही यांचंच, असा समज आहे. पण हा माणूस स्वतः शिकला कसा ते पाहा. मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत वर्षानुवर्षं उस्तादांना ऐकलं. मग देशभर फिरले. दक्षिणेत गेले, निजामाच्या हैदराबादेतही गेले. जिथे गेले तिथे प्रश्न विचारले, चिजा गोळा केल्या, लिहून घेतल्या. आणि मगच नियम काढले. त्यांची भूमिकाच अशी की जुन्या ग्रंथात काय आहे यापेक्षा आज गायलं काय जातं ते आधी बघा. त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच लक्ष्य हा शब्द आहे : लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारातलं, लक्षण म्हणजे नियम.

मराठी वाचकांनी अभिमानानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट : 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे आणि गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतात, गुरू उत्तर देतात, कधी उत्तर अर्धवट सोडतात. विश्लेषण वर्गात कसं करावं याचा तो जिवंत नमुना आहे. शिवाय सहा भागांची 'क्रमिक पुस्तक मालिका', सुमारे १८०० चिजा स्वरलिपीसह. आणि ते स्वतः बांधतही होते. 'चतुर' या मुद्रेनं त्यांनी लक्षणगीतं रचली; ज्या रागाची चीज, त्याच रागाची लक्षणं तिच्या शब्दांत. म्हणजे ऐकणं, उलगडणं, बांधणं, तिन्ही एकाच माणसात. १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद, १९१८ चं ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय, १९२६ चं लखनौचं मॅरिस कॉलेज, हे सगळं या कामातून उभं राहिलं.

मग बिघडलं कुठे? आमच्या मते परीक्षेत. तीन तासांच्या लेखी पेपरात ऐकणं तपासता येत नाही. कोष्टक तपासता येतं. राग भूप, थाट कल्याण, जाती औडव, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. सहा ओळी, सहा खुणा, पूर्ण गुण. भातखंड्यांनी ऐकून ऐकून काढलेला निष्कर्ष विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हातात मिळाला, आणि त्यामुळे ऐकायचं कारणच संपलं.

मराठवाड्यात हे सगळं उशिरा आलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठ दूर, माध्यम उर्दू. आपलं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. जालना जिल्हा तर १ मे १९८१ चा. महाविद्यालयं निघाली, बी.ए.ला संगीत हा ऐच्छिक विषय आला, तेव्हा अभ्यासक्रम तयारच होता : इतके राग, इतके ताल, पाच-सात शास्त्रकारांची चरित्रं. कोणी तो आपल्या मातीतून घडवला नाही. गंमत म्हणजे त्या चरित्रांत शार्ङ्गदेवही होता. मुलं त्याचे सात अध्याय पाठ करत होती, पण तो आपला शेजारी आहे हे कुणी सांगत नव्हतं.

या मातीतलाच एक माणूस मात्र वेगळ्या वाटेनं शिकला. पंडित अप्पा जळगावकर. आडनाव जळगावकर, जन्म जालन्याचा, ४ एप्रिल १९२२. सुरुवात गळ्यानं गाण्यापासून झाली, नाव झालं हार्मोनियममध्ये. आणि कोणत्या काळात? १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, परदेशी, अशी कारणं. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणजे अप्पांच्या ऐन उमेदीची तीन दशकं देशातल्या सगळ्यात मोठ्या माध्यमाला त्यांचं वाद्य चालत नव्हतं. तरी मैफलींत भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांच्या मागे पेटी होती ती अप्पांची. २००० सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, २००९ मध्ये पुण्यात ते गेले.

साथ म्हणजे काय, याचा अभ्यासक म्हणून विचार करा. गायक पुढे काय म्हणणार हे साथीदाराला माहीत नसतं. त्यानं जागा घेतली की अर्ध्या क्षणात ती ओळखायची, तिच्यामागे जायचं, भरायचं तेवढं भरायचं आणि गायकाच्या आड यायचं नाही. ऐकणं आणि विश्लेषण, दोन्ही एकदम, आणि उत्तर बोटांनी द्यायचं. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणं याहून कठीण : एकच आवर्तन तासभर, लय हलू न देता, आणि तरी निर्जीव होऊ न देता. तानसेन नाही तर कानसेन व्हावं असं आपण ऐकणाऱ्यांना समजुतीनं म्हणतो. साथीदाराला दोन्ही व्हावं लागतं. आणि पेटीचे सूर मुळात पक्के बसवलेले असल्यामुळे, गायक कुठल्या श्रुतीवर आहे आणि आपली पट्टी कुठे कमी पडते, हे पेटीवाल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही.

याची वर्गात आवृत्ती करता येते का? येते. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. मुलांना नावं सांगायचीच नाहीत. दोन ध्वनिमुद्रणं लावायची आणि विचारायचं : गायक थांबतो कुठे? कोणत्या स्वरावर परत परत येतो? आवाज खालच्या अर्ध्यात जास्त फिरतो की वरच्या? दोन-तीन वेळा ऐकलं की मुलं सांगू लागतात : पहिल्यात गंधार घरासारखा आहे, दुसऱ्यात धैवत. म्हणजे वादी त्यांनी स्वतः शोधला! मग मारवा, पूरिया, सोहनी : पंचम नसलेले तेच सहा स्वर, पण एकात ऋषभ-धैवताचा ताण, एकात मंद्रातला गंधार-निषाद, एकात तार सप्तकाकडची धाव. कोष्टक यानंतर द्यावं.

ऐकायचं काय, याबद्दलही बोललं पाहिजे. अशोक दा. रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे प्रमुख होते. त्यांनी संगीताच्या कोटी मांडल्या : आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. महाविद्यालयीन अभ्यासक्रम यातल्या एकाच कोटीचा, कलासंगीताचा. परतूरच्या किंवा भोकरदनच्या मुलीचे कान मात्र ओवी, गोंधळ, पोतराज, भीमगीतं, कव्वाली, सिनेमा यांनी भरलेले असतात. तिला आपण सांगतो की हे बाहेर ठेवून वर्गात ये. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यातल्या काही आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायलेल्या आहेत. त्यातली एक ओवी घेऊन तिचे स्वर लिहा, दळणाच्या गतीशी तिचं वजन कसं बसतं ते पाहा, हा स्वाध्याय कोणत्याही महाविद्यालयाला बिनखर्चाचा आहे.

ही कल्पना नवीन नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारी होऊन देवासला गेले. गाणं बंद. त्या काळात त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, त्यांची स्वररचना तपासली, आणि त्यातून धुनउगम राग बांधले. १९६५ चा 'अनूपरागविलास' त्यांच्या रचनांचा संग्रह. ऐकणं, उलगडणं, बांधणं, पुन्हा तोच क्रम.

बांधण्याला वर्गात सगळे घाबरतात. मुलांपेक्षा शिक्षक जास्त. बंदिश रचणं हे पन्नाशी उलटलेल्या पंडितांचं काम, असा धाक आहे. पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच स्वतःचं चित्र काढावं लागतं. मराठीच्या विद्यार्थ्याला निबंध लिहावा लागतो. संगीताचा विद्यार्थी मात्र पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्यानं स्वतःचं एकही आवर्तन बांधलेलं नसतं. त्रितालाची सोळा मात्रांची चौकट द्या. नवव्या मात्रेपासून, खालीपासून, मुखडा उचलायला सांगा. सात-आठ शब्द, हवे तर जालन्याच्या बोलीतले. ब्रजभाषाच पाहिजे असं कुणी म्हटलंय? समेवर कोणता शब्द येतो आणि कोणता स्वर, एवढं जरी मुलानं स्वतः ठरवलं तरी पारंपरिक चीज पुन्हा गाताना तो विचारतो, यांनी समेवर इथेच का ठेवलं? पहिल्या रचना वाईट होतील. शार्ङ्गदेवानं अधम वाग्गेयकारालासुद्धा यादीत जागा दिली आहे.

सध्या या गोष्टीला एक फट मिळाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी अभ्यासक्रम नव्यानं लिहिले जात आहेत, श्रेयांकांत मोजले जात आहेत, भारतीय ज्ञानप्रणालीचे पेपर आले आहेत. धोका असा की त्या पेपरात 'संगीतरत्नाकरा'ची पुन्हा सात नावं येतील आणि ती पाठ होतील. त्याऐवजी अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत दोन गोष्टी बसवाव्यात अशी आमची सूचना आहे : वर्षभराची श्रवणवही, आणि स्वतः बांधलेली एक रचना, स्वरलिपीसह. यासाठी नवं पद नको, नवी इमारत नको. मोबाइल सगळ्यांकडे आहे, ध्वनिमुद्रणं त्यावर आहेत. वेळ मात्र लागेल, आणि पन्नास मिनिटांच्या तासात एक विलंबित ख्याल धड ऐकून होत नाही ही खरी अडचण आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा दोन तास जोडून घ्यावे लागतील. वेळापत्रक करणाऱ्यांशी भांडण तिथेच होईल.

प्रश्नोत्तरांआधी आता अप्पांचा एक लेहरा ऐकू या. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा हातावर मात्रा मोजा, आणि सम कोणत्या स्वरावर येते तेवढं कागदावर लिहून ठेवा.